हवामान आराखड्यातला सुटलेला रकाना

२९ एप्रिल १९९१ च्या रात्री बांगलादेशाच्या आग्नेय किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळलं. समुद्राचं पाणी सहा मीटरच्या आसपास चढलं आणि सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. पुढे अभ्यासकांनी मृतांची वयानुसार आणि स्त्री-पुरुष अशी वेगवेगळी मोजणी केली, तेव्हा एक आकडा वर आला. २० ते ४४ या वयोगटात दर हजार पुरुषांमागे १५ मृत्यू झाले होते. दर हजार स्त्रियांमागे ७१. तीही धडधाकट, ऐन उमेदीतली माणसं. वारा दोघांना सारखाच लागला होता आणि लाटही तीच होती.

मग फरक पडला कुठे? धोक्याची सूचना पोहोचली ती बाजारात, चौकात, म्हणजे पुरुष जिथे असतात तिथे. घरातल्या बाईपर्यंत ती उशिरा आली, आणि आली तरी घरधनी परतल्याशिवाय घर सोडायचं की नाही हे ठरवणं तिच्या हातात नव्हतं. काखेत एक मूल, हाताला दुसरं, मागे म्हातारी सासू. अंगावर भिजून जड झालेली साडी. पोहायला कुणी शिकवलेलं नाही. निवारे मुळात थोडे. जे होते त्यात एकच मोठं दालन, स्त्रियांसाठी वेगळी जागा नाही, शौचालय नाही. तिथे परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढण्यापेक्षा घर बरं, असं अनेकींना वाटलं.

या यादीत हवामानशास्त्राचं एकही कारण नाही. वाऱ्याचा वेग कमी करणं कुठल्याही सरकारच्या हातात नसतं. निवाऱ्यात शौचालय बांधणं असतं. राष्ट्रीय हवामान धोरणात स्त्री-पुरुष समानता कशाला आणायची, या प्रश्नाला माझ्या मते एवढंच उत्तर पुरे आहे.

एरिक नॉयमायर आणि थॉमस प्लुम्पर या दोन अभ्यासकांनी २००७ मध्ये हीच गोष्ट मोठ्या पटावर तपासली. १४१ देश, १९८१ ते २००२ हा काळ. नैसर्गिक आपत्तींमुळे स्त्रियांचं सरासरी आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त घटतं आणि आपत्ती जितकी भीषण तितका हा फरक वाढतो, असं त्यांना आढळलं. पण जिथे स्त्रियांचं सामाजिक आणि आर्थिक स्थान बरं आहे, तिथे तो कमी होत जातो. तो निव्वळ शरीरातल्या फरकाचा परिणाम असता, तर स्थान सुधारल्याने असा कमी झाला नसता.

एवढं वाचलं की ‘हवामान बदलाचा फटका स्त्रियांना जास्त बसतो’ असं सरसकट वाक्य लिहून टाकण्याचा मोह होतो. आपत्तीत स्त्रियांच्या मृत्यूची शक्यता पुरुषांच्या १४ पट असते, हा आकडा तर अहवालांतून आणि भाषणांतून वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याच्या मुळाशी जगभराचा कुठलाही भक्कम अभ्यास नाही. चांगल्या कामासाठी वापरला म्हणून कच्चा आकडा पक्का होत नाही.

सरसकट वाक्य कसं फसवतं ते युरोपातल्या २०२२ च्या उन्हाळ्यात दिसतं. त्या उन्हाळ्यात उष्णतेमुळे ६१ हजारांहून अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर स्त्रियांचे मृत्यू पुरुषांपेक्षा ५६ टक्क्यांनी जास्त. इथे थांबलं तर आपलं वाक्य खरं ठरतं. आता तोच तक्ता वयानुसार उघडा. ६५ वर्षांखालच्या गटात पुरुषांचा मृत्युदर ४१ टक्क्यांनी जास्त. ६५ ते ७९ मध्येही पुरुषांचाच, १४ टक्क्यांनी. ऐंशीच्या पुढे पारडं फिरतं आणि स्त्रियांचा दर २७ टक्क्यांनी जास्त होतो. बहुतेक मृत्यू याच वयातले आणि या वयापर्यंत पोहोचणाऱ्यांत स्त्रियाच अधिक, म्हणून एकूण बेरीज त्यांच्याकडे झुकते.

म्हणजे उष्णता कृती आराखडा लिहिणाऱ्यासमोर इथे दोन निरनिराळी कामं आहेत. एक, भर उन्हात काम करणाऱ्यांसाठी सावली, पाणी आणि कामाच्या बदललेल्या वेळा. या कामांवर पुरुष जास्त असतात. दुसरं, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या, त्यातही विशेषतः वृद्ध स्त्रियांच्या दारावर दिवसातून एकदा कुणीतरी थाप मारणं. वयानुसार न फोडलेला, स्त्री-पुरुषांचा फक्त एकूण आकडा हाती असेल तर यातलं पहिलं काम राहून जातं. आकडा स्त्री-पुरुष असाही फोडलाच नसेल तर दोन्ही राहून जातात. लिंगभाव म्हणजे ‘बायकांचा विषय’ ही समजूत इथेच अडते. समाजाने कुणाला कुठे, कुठल्या कामाला आणि कुणाच्या भरवशावर उभं केलं आहे, याचा तो हिशोब आहे.

हा हिशोब बिघडायला सुरुवात होते ती एका साध्या छापील अर्जापासून. सर्वेक्षणाचा कर्मचारी दारात येतो. हातात फॉर्म किंवा टॅब. पहिला रकाना: कुटुंबप्रमुखाचं नाव. दारात उभी असलेली बाई सांगते, “ते बाहेर गेलेत, संध्याकाळी या.” संध्याकाळी ‘ते’ येतात आणि सांगतात: जमीन इतकी, पीक अमुक, दुष्काळात नुकसान इतकं. फॉर्म भरला. परसातल्या कोंबड्या मेल्या, सरपणासाठी आता दुप्पट लांब जावं लागतं, पाण्याची एक खेप वाढली, धाकट्या मुलीची शाळा त्यापायी बुडू लागली, यातलं काहीही त्यात आलं नाही. कुणी लपवलं नाही, त्यासाठी रकानाच नव्हता. अशा हजारो फॉर्मांची बेरीज करून देशाचा जोखीम-नकाशा तयार होतो, आणि त्या नकाशावर पैसे वाटले जातात.

सुटलेल्या रकान्यात काय काय असतं? जगात १८० कोटी लोकांच्या घरात किंवा आवारात पाणी नाही. अशा दहापैकी सात घरांत पाणी आणायची जबाबदारी बायका आणि मुलींची आहे, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२३ च्या अहवालात म्हटलं आहे. झरा आटला की त्यांच्या दिवसातले तास वाढतात. राष्ट्रीय उत्पन्नात हे तास कुठेच नसतात, म्हणून दुष्काळाच्या नुकसानीतही ते धरले जात नाहीत. शेतजमीन धारण करणाऱ्यांमध्ये स्त्रिया जगभरात १५ टक्क्यांहून कमी आहेत, आणि नुकसानभरपाई बहुधा जमिनीच्या कागदावरच्या नावाने निघते.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२४ मध्ये २४ देशांतल्या एक लाखाहून अधिक ग्रामीण कुटुंबांची माहिती दिवसागणिक हवामानाच्या नोंदींशी जोडून पाहिली. उष्णतेच्या ताणामुळे स्त्री कुटुंबप्रमुख असलेल्या घरांचं उत्पन्न पुरुष कुटुंबप्रमुख असलेल्या घरांच्या तुलनेत ८ टक्क्यांनी जास्त बुडतं, पुरामुळे ३ टक्क्यांनी. अभ्यास मोलाचा आहे, पण त्याचीही मर्यादा तोच रकाना आहे. पुरुष प्रमुख असलेल्या घरातल्या बाईचं काय झालं हे त्यातून कळत नाही, आणि बहुसंख्य स्त्रिया त्याच घरांत राहतात.

आंतरराष्ट्रीय कागदपत्रांची कहाणी थोडक्यात उरकतो. १९९२ च्या हवामान बदलविषयक चौकट करारात स्त्री किंवा लिंगभाव हा शब्दच नव्हता. त्याच वर्षीच्या जैवविविधता करारात स्त्रियांचा उल्लेख आहे, दोन वर्षांनंतरच्या वाळवंटीकरणविरोधी करारातही आहे. हवामान बदल हा मात्र वायू, टन आणि अंशांचा विषय मानला गेला. २००१ मध्ये माराकेशच्या हवामान परिषदेत स्त्रियांबद्दलचा पहिला ठराव आला, तोही मुख्यतः समित्यांवर स्त्रिया वाढवण्याबद्दल. २०१४ मध्ये लिमा परिषदेत ठरलेला, हवामान धोरणात लिंगभाव आणण्याचा ‘लिमा कार्यक्रम’, २०१५ च्या पॅरिस करारात लिंगभाव समानतेचा उल्लेख, २०१७ मध्ये पहिला कृती आराखडा, आणि २०२४ मध्ये अझरबैजानमधल्या बाकूच्या हवामान परिषदेत लिमा कार्यक्रमाला दहा वर्षांची मुदतवाढ. त्याच बाकू परिषदेसाठी यजमानांनी सुरुवातीला नेमलेल्या आयोजन समितीत २८ जण होते आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पुरुष. आरडाओरडा झाल्यावर १२ स्त्रियांची भर पडली.

ठरावांपेक्षा पैशाने जास्त काम केलं. विकसनशील देशांना हवामानाच्या कामासाठी पैसा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय हरित हवामान निधीकडे प्रकल्प पाठवायचा तर स्त्री-पुरुषांवरच्या परिणामांचं मूल्यमापन आणि त्यावरचा कृती आराखडा सोबत जोडावा लागतो. अट आली की ती तोंडदेखली पुरी करायच्या युक्त्याही येतात, हे मान्य. तरी अर्थ मंत्रालयाच्या टेबलावर हा प्रश्न जायला अटीइतका उपयोगी दुसरा रस्ता मला दिसत नाही.

कारण नुसता उल्लेख किती पातळ असू शकतो हे पॅरिस कराराच्या आधी देशांनी सादर केलेल्या पहिल्या हवामान योजनांत दिसलं. जेमतेम ४० टक्के योजनांमध्ये स्त्री किंवा लिंगभाव हे शब्द होते, आणि त्या योजनाही बहुतेक विकसनशील देशांच्या. उल्लेख कसा? बऱ्याचदा ‘स्त्रिया, मुले, वृद्ध, दिव्यांग असे दुर्बल घटक’ या एका माळेत. निम्मी लोकसंख्या एका स्वल्पविरामात बसवली की काम झालं!

खरंच आत आणायचं तर काय करावं लागतं, ते एका कल्पित ओळीवर पाहू. समजा राष्ट्रीय अनुकूलन आराखड्यात, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या योजनेत, लिहिलंय: ‘शेतकऱ्यांना ठिबक सिंचनासाठी अनुदान.’ वाक्य निर्दोष दिसतं. आता विचारा, अर्जाला जमिनीचा उतारा लागतो का? लागत असेल तर जी बाई रोज शेत कसते पण जिच्या नावावर ते नाही, ती बाद. प्रशिक्षण कधी आहे? सकाळी अकराला तालुक्याच्या गावी असेल, तर जिला दुपारपर्यंत परतून घरचं पाहायचं आहे ती येणार नाही; नवरा जाईल, आणि यंत्रणा सांभाळणार मात्र ती. अनुदान कुणाच्या खात्यात? आणि शेवटी, यश मोजायचं कशात? फक्त हेक्टरमध्ये मोजलं तर पाणी वाचलं एवढं कळेल. निंदणीचे तास घटले की गाळण्या धुण्याचे वाढले, हे मोजलंच जाणार नाही. त्या ओळीत ‘महिला’ हा शब्द घालून यातलं काहीच सुटत नाही. पात्रतेची अट, वेळ, खातं आणि निर्देशक बदलले की सुटतं, मग शब्द नसला तरी चालेल.

हे बदलायला दोन मंत्रालयांनी एकमेकांशी बोलावं लागतं, आणि तिथे गाडी हटकून अडते. महिला मंत्रालयाला हवामानाच्या बैठकीचं बोलावणं नसतं; पर्यावरण मंत्रालयाला लिंगभावाचं अंदाजपत्रक, म्हणजे खर्च स्त्री-पुरुषांपर्यंत कसा पोहोचतो याचा हिशोब, हे दुसऱ्या कुणाचं तरी काम वाटतं. नेपाळमध्ये अर्थसंकल्पातल्या खर्चांना स्त्रियांच्या दृष्टीने सांकेतिक खुणा लावायला २००७-०८ पासून सुरुवात झाली, आणि हवामानाच्या दृष्टीने २०१२ पासून. दोन्ही खुणा एकाच खर्चाच्या ओळीवर शेजारी ठेवून वाचता येणं, हे ऐकायला किरकोळ वाटतं; पण हवामानावरच्या रुपयातला किती भाग कुणापर्यंत पोहोचतो, हे कळायला याहून सोपी जागा नाही.

आणि निर्णय घेणाऱ्यांत स्त्रिया असल्याने खरंच काही फरक पडतो का? यावर एक देखणा प्रयोग आहे. ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. इंडोनेशिया, पेरू आणि टांझानियातल्या ३१ गावांत जंगलावर अवलंबून असलेल्या ४४० लोकांचे गट केले. चिठ्ठी टाकावी तसं निम्म्या गटांना बंधन घातलं, की निर्णय घेणाऱ्यांत किमान अर्ध्या स्त्रिया हव्यात. मग सगळ्यांना एक खेळ दिला: सामायिक जंगल आहे, झाडं तोडली तर कमाई, राखली तर पुढे उपयोग. मध्येच झाडं राखण्याबद्दल मोबदला सुरू केला. बंधन असलेल्या गटांनी मोबदल्यानंतर जास्त झाडं राखली आणि मिळालेले पैसे अधिक समान वाटले. कुठल्या गटाला बंधन लागू होणार हे नशिबावर सोडलेलं असल्याने ‘त्या गावातली माणसंच मुळात समंजस असतील’ ही शंकाही उरत नाही. खऱ्या जंगलांचा पुरावाही जवळपास त्याच दिशेचा आहे. अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी नेपाळ आणि गुजरातमधल्या १३५ सामुदायिक वनगटांचा अभ्यास केला, त्यात केवळ स्त्रियांच्या कार्यकारिणी असलेल्या नेपाळी गटांकडची जंगलं, आकाराने लहान आणि सुरुवातीला जास्त उजाड असूनही, अधिक सुधारलेली आढळली.

यावरून ‘स्त्री म्हणजे निसर्गाची लेक’ वगैरे काव्याकडे वळू नये. रोज जंगलात जाणाऱ्या माणसाला कुठे काय तुटतंय ते माहीत असतं, आणि तो माणूस समितीत असेल तर ती माहिती समितीत पोहोचते. तेवढंच.

काव्याचा तोटा असा की त्याआडून फुकट काम मागितलं जातं. झाडं लावा, पाणी जपा, गावाला जागं करा, सगळं बायकांनी आणि बिनपगारी. बांगलादेशचं उदाहरण इथे पुन्हा आठवतं. तिथल्या चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रमात आज सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यातल्या निम्म्या स्त्रिया. या बदलासाठी २०२१ मध्ये देशाला संयुक्त राष्ट्रांचा सार्वजनिक सेवा पुरस्कार मिळाला. १९७० च्या वादळात तिथे तीन लाखांहून अधिक माणसं गेल्याचा अंदाज आहे. २०२० च्या अम्फानमध्ये तिथला आकडा काही डझनांच्या आत राहिला. याचं श्रेय उपग्रहांना आहे, पक्क्या निवाऱ्यांना आहे, वेळेवर लोक हलवण्याला आहे, आणि उंबऱ्याच्या आत जाऊन सांगू शकणाऱ्या बाईलाही आहे.

धोका वाढत जातो तसे गावात एक, मग दोन, मग तीन झेंडे चढतात. तिसरा झेंडा चढवून ती घरोघर फिरायला निघते तेव्हा तिची स्वतःची मुलं घरीच असतात. या कामाला पगार नाही.