डिनो २०६ की २४६? आधी पेट्रोलचं झाकण बघा

लांबून पाहिल्या तर फेरारीच्या या दोन जुन्या स्पोर्ट्स गाड्या सख्ख्या जुळ्या. रेखाटन पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीचं, बॉडी मोदेनाच्या स्कालिएत्तीकडची, सीटच्या मागे आडवं बसवलेलं व्ही-६ इंजिन. पण २०६ जीटी बनल्या जेमतेम दीडशे, तर २४६ जीटी आणि उघड्या टपाची जीटीएस मिळून साडेतीन हजारांवर. साहजिकच २०६ महाग. म्हणून पैसे मोजण्याआधी समोर नेमकी कोण उभी आहे ते कळायला हवं.

आकड्यांचा अर्थ सरळ आहे: २ लिटर, ६ सिलिंडर आणि २.४ लिटर, ६ सिलिंडर. डिनो हे एन्झो फेरारींच्या मुलाचं, आल्फ्रेदोचं, घरातलं नाव. तो १९५६ मध्ये चोविसाव्या वर्षी गेला. कारखान्यातून बाहेर पडताना गाडीवर फक्त ‘डिनो’ लिहिलेलं असे, फेरारीचा घोडा नसे. आज एखादीवर घोडा दिसला तर तो बहुधा नंतर लावलेला, त्यावरून काही ठरवू नका.

खरा फरक धातूत आहे. २०६ ची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, इंजिनाचा ब्लॉकही त्याचाच. १९६९ मध्ये २४६ आली ती पोलादी पत्रा आणि बिडाचा ब्लॉक घेऊन. ताकद १८० वरून १९५ अश्वशक्तीवर गेली, पण वजनही चढलं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ६० मिलिमीटरने वाढलं, पण नुसत्या डोळ्यांना ते कळणं कठीण.

म्हणून पेट्रोलचं झाकण बघा. २०६ मध्ये ते उघडं, बॉडीवरच दिसतं. २४६ मध्ये छोट्या दाराआड लपलेलं. बरेच जण मात्र चाकं बघतात आणि तिथेच फसतात. मधोमध एकच मोठा नट असलेली चाकं २०६ ची खूण मानली जाते, पण सुरुवातीच्या २४६ ला, म्हणजे एल मालिकेलाही, तशीच चाकं होती. पाच बोल्टची चाकं त्यानंतरची. मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक मडगार्डला लावून बघणंही वाईट नाही (मालकाला आधी विचारा, नाहीतर चहासुद्धा मिळायचा नाही).

माझं मत विचाराल तर कपाटातल्या दागिन्यासारखी जपायची असेल तर २०६. चालवायची असेल तर २४६ घ्या. खालच्या वेगातही ती जोर लावते, तिचे भागही तुलनेने सहज मिळतात. फक्त पोलादी पत्र्याचा गंज दारांच्या खालच्या कडांपासून तपासा, कारण ताजा रंग बरंच काही झाकतो. आणि उजवीकडे स्टिअरिंग असलेली डिनो कुणी २०६ म्हणून दाखवली, तर कागद बघायचीही गरज नाही. २०६ उजव्या स्टिअरिंगची कधी बनलीच नाही.