जर्मनीतली त्वचा तपासणी: २००८ चा निर्णय आणि त्याआधीचं-नंतरचं

जर्मनीत सार्वजनिक आरोग्य विमा असलेल्या, वयाची ३५ वर्षं पूर्ण केलेल्या कुणालाही दर दोन वर्षांनी त्वचेच्या कर्करोगासाठी डोक्यापासून पायापर्यंत त्वचा मोफत तपासून घेता येते. १ जुलै २००८ पासून ही सोय आहे. ती का आली आणि तिच्यावरून तज्ज्ञांमध्ये अजूनही दोन तट का आहेत, हे समजायचं तर प्रतिबंध आणि लवकर निदान या दोन वाटा आधी वेगळ्या कराव्या लागतात. जनजागृतीच्या पत्रकांत त्या एका दमात सांगितल्या जातात, पण त्यांच्यामागचा पुरावा सारख्या ताकदीचा नाही.

प्रतिबंधाची बाजू भक्कम आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या मृत्यूंच्या नोंदींवरून १९५६ साली दिसलं की गोऱ्या वस्तीत विषुववृत्ताकडे जावं तसे मेलानोमाचे, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींत होणाऱ्या घातक कर्करोगाचे, मृत्यू वाढतात. १९८१ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात अंगभर सदरा, क्रीम आणि टोपी सांगणारी प्रसिद्ध मोहीम सुरू झाली. खरी कसोटी लागली ती क्वीन्सलंडमधल्या नॅम्बूर गावात. तिथे १९९२ पासून १,६२१ प्रौढांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला डोकं, मान, हात आणि बाहूंवर रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, दुसऱ्याला नेहमीसारखं मर्जीप्रमाणे. साडेचार वर्षांत रोज लावणाऱ्यांत स्क्वेमस सेल प्रकारचे (त्वचेच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचे) कर्करोग सुमारे ४० टक्के कमी निघाले. प्रयोग संपल्यानंतर आणखी दहा वर्षं माग काढला तेव्हा मेलानोमा रोज लावणाऱ्या गटात ११ आणि दुसऱ्या गटात २२ जणांना झाला होता. आकडे लहान आहेत, पण गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले असल्यामुळे त्यांना वजन आहे.

यात माती होते ती मात्रेत. बाटलीवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं याचा आकडा, प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन मोजलेला असतो. प्रत्यक्षात लोक त्याच्या निम्मा किंवा पाव थर लावतात, त्यामुळे बाटलीवर ५० असलं तरी अंगावर तेवढं संरक्षण नसतं. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला साधारण ३५ मिलिलिटर लागतं: चेहरा-मान-कान मिळून एक चहाचा चमचा, प्रत्येक हाताला एक, प्रत्येक पायाला एक, छाती-पोटाला एक, पाठीला एक. उन्हात जाण्याच्या वीस मिनिटं आधी लावायचं आणि दर दोन तासांनी, तसंच पोहल्यावर किंवा घाम पुसल्यावर पुन्हा लावायचं. कपडा आणि सावली यांच्याबाबतीत असली मोजदाद करावी लागत नाही, म्हणून त्या आधी आणि क्रीम नंतर.

लवकर निदानाची गोष्ट १९७० पासून वळण घेते. मेलानोमा काढून सूक्ष्मदर्शकाखाली त्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजली की रुग्णाचं पुढे काय होईल याचा बराच अंदाज येतो, हे त्या वर्षी मांडलं गेलं. १ मिलिमीटरच्या आतली गाठ बहुतेक वेळा नुसत्या शस्त्रक्रियेने बरी होते. ४ मिलिमीटरच्या पुढे धोका फार वाढतो. ही जाडी मोजता यावी म्हणून संशयित तीळ सगळाच्या सगळा, भोवतीची दोनेक मिलिमीटर त्वचा धरून, खालच्या चरबीपर्यंत काढायचा असतो. वरवर खरवडला तर गाठीचा तळ कापलेल्या तुकड्यात येत नाही, खरी जाडी कायमची हातची जाते आणि पुढचे उपचार अंदाजाने ठरवावे लागतात.

१९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी संशयित तीळ ओळखायच्या चार खुणा दिल्या: दोन अर्ध्या बाजू न जुळणं, वेड्यावाकड्या कडा, एकाहून अधिक रंग आणि ६ मिलिमीटरहून मोठा व्यास. २००४ मध्ये पाचवी खूण आली, ती म्हणजे बदल. पाचांत सगळ्यात कामाची हीच, कारण पहिल्या चार खुणा गाठीच्या स्वरूपातल्या मेलानोमाला चकवतात. तो गोल, एकरंगी, कधी गुलाबीसर असतो. तो उंच, घट्ट असतो आणि आठवड्या-आठवड्याने वाढतो.

आता जर्मनी. जुलै २००३ ते जून २००४ या काळात उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यात पथदर्शी प्रकल्प झाला. वीस वर्षांवरच्या ३,६०,००० हून अधिक लोकांची त्वचा तपासली गेली. आधी आठ तासांचं प्रशिक्षण घेतलेले फॅमिली डॉक्टर पाहत, शंका आली की त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवत. ५८५ मेलानोमा सापडले. त्यासाठी सुमारे १६,००० ठिकाणची त्वचा कापून काढावी लागली, म्हणजे एका मेलानोमामागे सत्तावीस-अठ्ठावीस शस्त्रक्रिया. यातून त्वचेचे इतर कर्करोगही मिळाले, तरी बहुतेक तुकडे निरुपद्रवी निघाले.

देशव्यापी तपासणीचा निर्णय २००७ च्या अखेरीस झाला. त्या वेळी हातात होते फक्त सापडलेल्या कर्करोगांचे आकडे. मृत्यू कमी झाले की नाही, हे कळलेलं नव्हतं. तपासणी केली की कर्करोग सापडणारच. त्यातले किती जीवघेणे ठरले असते आणि किती माणसाबरोबर आयुष्यभर निवांत राहिले असते, हे त्या आकड्यांतून कळत नाही. शिवाय दोन वर्षांतून एकदा होणाऱ्या तपासणीत सावकाश वाढणारे जास्त सापडतात. झपाट्याने वाढणारे मधल्या काळातच उगवतात आणि पसरतात. निर्णय घेणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण मृत्यूंच्या आकड्यांसाठी थांबायचं तर आणखी कित्येक वर्षं गेली असती.

मग २०१२ मध्ये मृत्यूंचे आकडे आले आणि ते डोळे दिपवणारे होते. प्रकल्पाआधी त्या राज्यात मेलानोमाने दर लाख पुरुषांमागे १.९ आणि स्त्रियांमागे १.४ मृत्यू होत. २००८-०९ मध्ये ते १.० आणि ०.७ वर आले. जवळपास निम्मे! शेजारच्या राज्यांत अशी घट नव्हती. जगभर या आकड्यांचे दाखले दिले गेले.

पण गणित मांडून पाहिलं की अडचण दिसते. प्रकल्पात पात्र लोकांपैकी १९ टक्केच आले होते. स्त्रिया २७ टक्के, पुरुष जेमतेम १० टक्के. आलेल्यांपैकी एकही जण मेला नसता, तरी पुरुषांचे मृत्यू निम्म्यावर यायला दहा टक्के सहभाग पुरत नाही. आलेल्यांतच धोका असणारे एकवटले होते असं म्हणायचं, तर हे एकवटणं फारच मोठं मानावं लागतं. पुढे २०१५ च्या सुमारास आणखी वर्षांचे आकडे आले तेव्हा त्या राज्याचा मृत्युदर परत जुन्या पातळीवर चढला होता आणि २००८ नंतर देशभरातही घट दिसली नव्हती. नोंदी तपासणाऱ्यांनी मृत्यूच्या दाखल्यांकडे बोट दाखवलं: त्याच काळात ‘नेमकी जागा न कळलेला कर्करोग’ अशा नोंदी वाढल्या होत्या, म्हणजे मेलानोमाचे काही मृत्यू दुसऱ्या रकान्यात गेले असण्याची शक्यता होती. पाठीराखे म्हणतात की प्रकल्प संपला, लोकांचं लक्ष उडालं, म्हणून परिणाम ओसरला. तेही अगदीच अशक्य नाही, पण मुळात निम्म्याने घट कशी झाली, याचं उत्तर त्यात मिळत नाही.

चिठ्ठ्या टाकून गट पाडणारा मोठा प्रयोग हाच यावरचा उतारा होता. क्वीन्सलंडमध्ये १९९० च्या दशकात ४४ वस्त्यांचा असा प्रयोग आखला होता. १८ वस्त्यांपर्यंत गाडी गेली आणि पैशाअभावी पूर्ण प्रयोग झालाच नाही. म्हणूनच अमेरिकेत शिफारशी करणाऱ्या गटाने २०१६ आणि २०२३ मध्ये, लक्षणं नसलेल्यांच्या सरसकट तपासणीबद्दल ‘पुरावा अपुरा’ एवढंच म्हटलं. आता हा प्रयोग आणखी अवघड झालाय, कारण २०११ पासून आलेल्या इम्युनोथेरपीमुळे (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढवणाऱ्या औषधांमुळे) मृत्यू तसेही घटू लागले आहेत. त्यामुळे घटीचं श्रेय कुणाला द्यायचं हे सांगता येत नाही.

हा सगळा वाद लक्षणं नसलेल्यांच्या तपासणीबद्दल आहे. ज्याला बदललेला तीळ दिसलाय, त्याने थांबू नये, यावर कुणाचंही दुमत नाही.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी लोकांना ही तपासणी मिळते, पण तिची रचना गोऱ्या त्वचेवरून झालेली आहे. आपल्याकडे मेलानोमा फार विरळा. झालाच तर बऱ्याचदा तळव्यावर, टाचेवर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, जिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. म्हणून सनस्क्रीन लावून तो टळत नाही आणि पाठ-खांदे पाहून सापडत नाही. घात होतो तो वेगळ्याच नावांनी: तळव्यावरचा काळा डाग पायाला झालेलं कुरूप (घट्टा) समजून कापला जातो, न भरणारी जखम चप्पल लागली म्हणून महिनोन् महिने पट्टीखाली राहते, काळं नख ठेच लागली म्हणून सोडून दिलं जातं. ठेचेचं काळं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि त्याच्यामागे स्वच्छ नख उगवतं. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी फोटो काढून ताडून पाहावं. सावळ्या लोकांत अनेक नखांवर बारीक तपकिरी उभ्या रेघा असणं नेहमीचं आहे. एकाच नखावर नवी, ३ मिलिमीटरहून रुंद, मुळाशी रुंदावत जाणारी किंवा भोवतीच्या कातडीवर रंग सांडणारी रेघ दिसली, तर त्वचारोगतज्ज्ञाने नखाच्या मुळातून तुकडा घ्यायला हवा. नखाचा पुढचा भाग कापून तपासला तर मूळ जागा सुटते.

तपासणीला जाताना हातापायांचं नेलपॉलिश, मेंदी आणि चेहऱ्यावरचा मेकअप नको. घट्ट वेणी किंवा अंबाडा सोडून जावं. डॉक्टरने मोजे काढायला सांगितलं नाही तर स्वतः काढावेत आणि बोटांच्या बेचक्या, तळवे, नखं, तोंडाचा आतला भाग आणि केसांखालची त्वचा पाहायची आठवण करावी. चाळीस-पन्नास तीळ मोजून झाल्यावरही पाय राहून जातात, हे घाईच्या तपासणीत सर्रास घडतं.