कुलपाचा फोटो आणि सरावाचं ॲप: ओसीडीत फोनचे दोन उपयोग

ओसीडी, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यापायी तीच ती कृती करत राहणं हा मानसिक आजार. तो असलेल्या माणसाच्या फोनमध्ये हल्ली दोन गोष्टी सापडतात: गॅसच्या नॉबचे नि कुलपाचे ढीगभर फोटो, आणि थेरपिस्टने सांगितलेलं एखादं ॲप. घरच्यांना दोन्ही सारखंच वाटतं. "बरं वाटते न तिले, पाहू दे की!"

बरं वाटतं, पण किती वेळ? नागपुरात मनीषनगरातून निघालेली बाई सीताबर्डीला मेट्रो बदलताना फोटो उघडते. नॉब बंद. जीव भांड्यात पडतो. पुढच्या स्टेशनला शंका येते, फोटो आजचाच ना? मग तारीख बघ, वेळ बघ. काही दिवसांनी फोटो पुरत नाही, व्हिडिओ लागतो. मग नवऱ्याला मेसेज: "अहो, गॅस बंद आहे ना?" हल्ली हाच प्रश्न चॅटबॉटलाही विचारतात. तो रात्री दोनलाही न कंटाळता उत्तर देतो, हीच पंचाईत. नवरा निदान वैतागतो तरी! खात्री मिळाली की सुटका, आणि त्या सुटकेमुळेच पुढची शंका बळावते.

ॲपचं काम याच्या अगदी उलट. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये मांडलेल्या कामातून पुढे आलेली 'एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन' (भीतीला सामोरं जायचं, पण तपासणी करायची नाही) ही थेरपी ते रोजच्या सरावात आणतं. नॉब एकदाच बंद करायचा, फोटो न काढता निघायचं, अस्वस्थता 0 ते 100 मध्ये नोंदवायची आणि 'राहिला असेलही सुरू' हा विचार तसाच राहू द्यायचा. गॅस बंद आहे, असं चांगलं ॲप कधीच सांगत नाही.

इथेही पाय घसरतो. ओसीडी किती तीव्र आहे ते मोजणारी वाय-बॉक्स ही 10 प्रश्नांची, 40 गुणांची मोजपट्टी थेरपिस्टने सांगितली तेव्हा भरणं ठीक. दिवसातून चारदा भरून आकडे जुळवत बसलात तर ती नवी तपासणीच झाली.

व्हिडिओ कॉल मला जास्त मोलाचा वाटतो. मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत तुमचा ओटा नसतो. कॉलवर थेरपिस्ट थेट तुमच्या शेगडीसमोर सराव करून घेऊ शकतो. डॉक्टरांनी ओसीडीसाठी दिलेल्या गोळ्यांचा परिणाम दिसायला मात्र बरेचदा 8 ते 12 आठवडे लागतात. ॲप चालू केलं म्हणून त्या मनाने बंद करायच्या नाहीत.

सुरुवात कुठून करायची हे कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. तिथे थेरपी कुठे मिळेल ते विचारा. गॅसचं विचारू नका.