फ्रेंडस्टर ओस का पडलं?

ऑर्कुटवर टेस्टिमोनियलसाठी मित्रांच्या मागे लागलेल्यांना ३० सप्टेंबर २०१४ आठवत असेल. त्या दिवशी गूगलने ती साइट बंद केली. पण एखादं नेटवर्क कसं विरतं याचा धडा अभ्यासकांना मिळाला तो त्याहून जुन्या फ्रेंडस्टर या सोशल साइटकडून.

२००० मध्ये अल्बर्ट, जाँग आणि बाराबाशी या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की इंटरनेटसारख्या जाळ्यातले काही बिंदू कुठूनही गळाले तरी जाळं टिकतं. मात्र सर्वाधिक जोडण्यांचे बिंदू वेचून काढले की ते तुटतं. माणसांना हे जसंच्या तसं लागू होत नाही. राउटर बिघडतो म्हणून जातो. माणूस मित्र गेले म्हणून जातो.

फ्रेंडस्टरचा प्रवास २००२ मध्ये सुरू झाला. पानं उघडायला इतका वेळ लागे की अमेरिकेतली मंडळी मायस्पेसकडे वळली. आग्नेय आशियात मात्र ते बरीच वर्षं तगलं. २०११ मध्ये ते गेमिंग साइट झालं आणि जुने फोटो-पोस्ट पुसले गेले. त्याआधी इंटरनेट आर्काइव्हने मैत्रीच्या याद्या उतरवून घेतल्या. झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यावर २०१३ मध्ये चक्क ‘शवविच्छेदन’ केलं.

हत्यार जुनंच, साइडमन यांनी १९८३ मध्ये मांडलेलं के-कोअर. कांदा सोलावा तसं. के म्हणजे टिकायला लागणारे किमान मित्र; समजा के = ३ धरलं. तीनपेक्षा कमी मित्र असलेले सगळे काढा. त्यामुळे उरलेल्यांचे मित्र घटतात, म्हणून पुन्हा मोजा, पुन्हा काढा. कुणीच गळेना की थांबा. उरतो तो गाभा.

गंमत इथे आहे. एकाचे पन्नास मित्र, पण ते एकमेकांना ओळखत नाहीत आणि त्यांना दुसरा मित्रही नाही. के = २ लावताच पन्नासही जण पहिल्याच फेरीत जातात आणि पाठोपाठ हा लोकप्रिय गडीही. उलट एकमेकांना ओळखणारे चौघे के = ३ पर्यंत हलत नाहीत. थोडक्यात, मित्रांची संख्या फसवी असते.

के म्हणजे व्यवहारात राहण्याची किंमत: साइट रेंगाळली, मांडणी बदलली, शेजारी नवी साइट आली की टिकायला जास्त मित्र लागतात. के एकाने वाढला तरी कडेचे गळतात, मग त्यांच्यावर टेकलेले.

मोजताना नेहमी होणारी चूक म्हणजे निपचित खाती. यादीत मैत्री शाबूत दिसते, प्रत्यक्षात वर्षभर कुणी फिरकलेलं नसतं. ती आधी गाळली नाहीत, तर पोखरलेला गाभाही भक्कम भासतो.