गे आणि बायसेक्शुअल पुरुषांमधलं एचआयव्हीचं प्रमाण आणि लैंगिक जोखीम

जगभरात १५ ते ४९ वयाच्या लोकांत एचआयव्हीचं प्रमाण २०२३ मध्ये ०.८ टक्के होतं आणि गे, बायसेक्शुअल आणि पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या इतर पुरुषांमध्ये ७.७ टक्के, असं यूएनएड्सचे (एड्सवर काम करणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था) आकडे सांगतात. हे बघून लोक लगेच चारित्र्यावर घसरतात, ते साफ चूक आहे.

मुळात गुदद्वाराच्या आतलं अस्तर फार नाजूक असतं, आणि जोडीदाराला एचआयव्ही असून औषधं चालू नसतील तर कंडोमशिवायच्या दर १०,००० संबंधांमागे बॉटमला (गुदसंभोगात आत घेणाऱ्याला) साधारण १३८ वेळा लागण होऊ शकते, टॉपला (आत घालणाऱ्याला) ११, तर योनिसंभोगात बाईला ८. त्यात एकच पुरुष कधी टॉप कधी बॉटम असतो, म्हणजे विषाणू घेणंही सोपं आणि पुढे देणंही, शिवाय जोडीदार मिळायचं वर्तुळ लहान. अमेरिकेत कृष्णवर्णीय गे पुरुष गोऱ्या गे पुरुषांपेक्षा जास्त जोखीम घेत नाहीत असं अनेक अभ्यासांत दिसलंय, तरी त्यांच्यात एचआयव्ही कितीतरी जास्त आहे, कारण त्यांच्या वर्तुळात विषाणू आधीच जास्त आणि उपचार कमी पोचलेले.

वागण्याचा भाग आहेच. दारू किंवा ड्रग्जच्या नशेत कंडोम राहून जातो, कुणी वंगण म्हणून तेल किंवा व्हॅसलीन लावतं आणि लेटेक्सचा कंडोम फाटतो, तिथे पाण्याचं किंवा सिलिकॉनचं ल्युब लागतं. पण कंडोम सुटतो तो बऱ्याचदा विश्वासाच्या नात्यात, दोघांनी टेस्ट न करताच. नवीन लागणीच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तात विषाणू प्रचंड असतो आणि टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, हे तर फार जणांना माहीतच नसतं. पुरुषांशी असलेले संबंध बायको-घरच्यांपासून लपवणारा ते डॉक्टरपासूनही लपवतो, मग टेस्ट आणखी लांबते.

औषधं नियमित घेऊन व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) अनडिटेक्टेबल, म्हणजे टेस्टमध्ये सापडणार नाही इतका कमी झाला की संबंधातून लागण होत नाही, २०१९ च्या पार्टनर-२ अभ्यासात ७८२ गे जोडप्यांनी कंडोमशिवाय सुमारे ७६,००० वेळा संबंध ठेवले आणि जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. निगेटिव्ह असलेल्यांसाठी प्रेप आहे, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध. अचानक जोखीम घडली तर ७२ तासांच्या आत पेप (लागण टाळायला जोखमीनंतर घ्यायची औषधं) सुरू करायची, जितकी लवकर तितकी बरी, आणि २८ दिवस पूर्ण करायची. प्रेपने सिफिलिस किंवा गोनोरिया हे संबंधातून पसरणारे दुसरे आजार थांबत नाहीत, त्यामुळे प्रेपवर असताना दर तीन महिन्यांनी एचआयव्हीसोबत त्यांचीही टेस्ट करतात.