कल की हेलकावा? साहेलचा पाऊस आणि साहेलची उष्णता

सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला पसरलेल्या साहेल पट्ट्याच्या हवामानाबद्दल बोलताना एकाच दिशेने सरकत राहणारा दीर्घकालीन कल आणि दशकानुदशके वरखाली होणारा हेलकावा यांची हमखास गल्लत होते, कारण आलेखाचा तुकडा आखूड असला की दोन्ही सारखेच दिसतात.

पावसाचेच पाहा. १९५० चे दशक तेथे भरघोस पावसाचे गेले. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पाऊस हटत गेला आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी व पुन्हा १९८३-८४ मध्ये भीषण दुष्काळ पडले. एवढाच आलेख हाती असलेल्यांनी हा प्रदेश कायमचा वाळवंटाकडे चालला आहे, असा निष्कर्ष काढला आणि त्याचा दोष बव्हंशी स्थानिकांच्या गुराढोरांवर व लाकूडतोडीवर टाकला. तो अवाजवी होता. उत्तर अटलांटिक महासागर दक्षिणेच्या तुलनेत थंड पडला की पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो, हे त्यामागचे मुख्य कारण पुढे स्पष्ट झाले. १९९० च्या दशकापासून पाऊस बऱ्याच अंशी सावरलाही. मात्र हेलकावा म्हणजे निव्वळ निसर्गाचा खेळ, असेही समजू नये, कारण त्या थंडाव्याला युरोप आणि उत्तर अमेरिकेतील कारखान्यांच्या धुरातील, सूर्यप्रकाश परतवणाऱ्या सल्फेट कणांचा हातभार लागला होता, असे अनेक अभ्यासक मानतात.

तापमानाची गोष्ट वेगळी आहे. हरितगृह वायूंमुळे होणारी त्याची वाढ वार्षिक चढउतारांतूनही स्पष्ट उठून दिसते. फरक ओळखण्याची एक सोपी कसोटी म्हणजे मोजणीचे आरंभवर्ष बदलून पाहणे: १९५० पासून १९८४ पर्यंत पावसाची रेषा उतरती, तर १९८४ पासून पुढे तीच चढती दिसते, तापमानाची रेषा १९५० पासून आजवर मोजा किंवा १९८४ पासून, ती चढतीच राहते.

पाऊस सावरला म्हणून जुने दिवस परत आले, असे मात्र नाही. तो आता अधिक प्रमाणात जोरदार वादळी सरींतून कोसळतो आणि तापलेली हवा जमिनीतील ओल अधिक वेगाने शोषून घेते, त्यामुळे पर्जन्यमापकात पूर्वीइतकेच मिलिमीटर भरले, तरी बाजरीच्या मुळांशी तेवढे पाणी टिकेलच असे नाही.