अनाम्नेसिस

अनाम्नेसिस : ‘आठवण’ किंवा ‘स्मरण’ या अर्थाचा ग्रीक शब्द. बायबलच्या नव्या करारात तो फक्त चार वेळा आला आहे. पण ख्रिस्ती उपासनेत, विशेषतः प्रभुभोजनाच्या विधीत, त्याला स्वतंत्र पारिभाषिक अर्थ मिळाला. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने भाकर मोडून शिष्यांना दिली आणि ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ असे सांगितले. मराठी बायबलमधला हा ‘स्मरणार्थ’ म्हणजेच मूळचा अनाम्नेसिस. हा प्रसंग सांगून झाल्यावर प्रार्थनेत जो ठरावीक भाग येतो त्यालाही हेच नाव आहे.

मराठी वाचकाची इथे जरा पंचाईत होते. ‘स्मरणार्थ’ हा शब्द आपण वाचलेला असतो तो पाणपोईवर, देवळाच्या पायरीवर, शाळेच्या वर्गाबाहेरच्या फरशीवर : ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. माणूस गेला, मागे राहिलेल्यांनी नाव कोरले. अनाम्नेसिसचा अर्थ एवढाच आहे का, यावरून ख्रिस्ती जगात निदान पाचशे वर्षे वाद चालू आहे.

शब्दाची फोड सोपी आहे. ‘अना’ म्हणजे वर किंवा पुन्हा, आणि ‘म्ने’ हे आठवणीच्या धातूचे अंग. हेच मूळ संस्कृतात ‘म्ना’ या धातूत दिसते. घोकून, पाठ करून टिकवलेली परंपरा या अर्थाचा ‘आम्नाय’ त्याच धातूवरून आला. ‘स्मृ’ हा धातू वेगळा. ग्रीक तत्त्वज्ञानात या शब्दाला मोठे केले ते प्लेटोने. ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका न शिकलेल्या गुलाम मुलाला प्रश्न विचारत विचारत त्याच्याकडून भूमितीचे उत्तर काढून घेतो आणि शिकणे म्हणजे आत्म्याला पूर्वी ठाऊक असलेले पुन्हा आठवणे, असा निष्कर्ष काढतो. पुढे ॲरिस्टॉटलने मनात टिकून राहिलेली आठवण (म्नेमे) आणि मुद्दाम शोधून काढलेली आठवण (अनाम्नेसिस) यांत भेद केला. रुग्णाचे पूर्ववृत्त विचारून घेणे, या अर्थाने वैद्यकातही हा शब्द आहे.

पण येशूची बोली अरामी होती. त्याच्या वाक्याचा अर्थ अथेन्सच्या तत्त्वज्ञांकडे शोधण्यापेक्षा जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतराकडे, म्हणजे सेप्टुअजिंटकडे, वळणे बरे. तिथे हा शब्द विधीच्या संदर्भात भेटतो. लेवीय 24:7 मध्ये परमेश्वरासमोर मांडलेल्या भाकरींवर धूप ठेवायचा तो अनाम्नेसिससाठी. गणना 10:10 मध्ये सणावारी अर्पणांच्या वेळी कर्णे वाजवायचे तेही देवासमोर अनाम्नेसिस म्हणून. स्तोत्र 38 आणि 70 यांच्या शीर्षकांतही तो आहे. आठवण करून द्यायची ती कोणाला? धूप आणि कर्ण्यांचा रोख तरी उघडच देवाकडे आहे. हिब्रू ‘झाखर’ या धातूचा रंग यामागे आहे. देवाला नोहाची आठवण होते आणि पुराचे पाणी ओसरू लागते. हन्नेची आठवण होते आणि तिला मुलगा होतो. आठवणे म्हणजे मनाशी घोळवत बसणे नव्हे, तर काहीतरी घडणे. हे घडणे सुखाचेच असते असेही नाही : सारफथच्या विधवेचा मुलगा दगावतो तेव्हा, माझ्या पापाची आठवण करून द्यायला आलास काय, असे ती एलीयाला विचारते.

नव्या करारातले चार उल्लेख असे : लूक 22:19, करिंथकरांस पहिले पत्र 11:24 व 25 आणि इब्री 10:3. यांत सर्वांत जुना पौलाचा; करिंथचे पत्र साधारण इ. स. 55 च्या आसपासचे. मत्तय आणि मार्क शेवटचे भोजन सांगतात, पण त्यांच्याकडे ‘स्मरणार्थ हे करा’ नाही. लूकमधले हे शब्दही कोडेक्स बेझी या प्रसिद्ध हस्तलिखितात सापडत नाहीत. तरी बहुतेक अभ्यासक ते मूळचेच मानतात. इब्रीतला उल्लेख प्रभुभोजनाविषयी नाही. यज्ञांमुळे वर्षानुवर्षे पापांची आठवण होत राहते, अशी तिथे तक्रार आहे.

शेवटचे भोजन वल्हांडणाशी, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून झालेल्या सुटकेच्या यहुदी सणाशी, जोडलेले असल्याने एक युक्तिवाद नेहमी केला जातो. प्रत्येक पिढीतल्या माणसाने आपण स्वतःच मिसरातून बाहेर पडलो असे मानावे, असे मिश्ना हा यहुदी धर्मनियमांचा प्राचीन संग्रह सांगतो. तसेच प्रभुभोजनात गतकाळ वर्तमान होतो, असा हा युक्तिवाद. विचार सुंदर आहे. मात्र निर्गम 12:14 मध्ये वल्हांडणाला जी ‘आठवण’ म्हटले आहे तिथे सेप्टुअजिंटने ‘म्नेमोसुनोन’ हा दुसराच शब्द वापरला आहे. तेव्हा ‘अनाम्नेसिस म्हणजे भूतकाळ प्रत्यक्ष उभा करणे’ असे केवळ शब्दकोशाच्या आधारे म्हणता येत नाही. वाक्याचा भार खरे तर ‘करा’ या क्रियापदावर आहे. ‘आठवा’ असे येशू म्हणत नाही. भाकर आणि प्याला घेऊन काहीतरी करायला सांगतो, आणि तेही पुन्हा पुन्हा, असे ग्रीक क्रियारूप सुचवते.

विसाव्या शतकात या वाक्यावर बरेच लिहिले गेले. हान्स लिट्समान यांनी त्याची तुलना ग्रीक-रोमन जगातल्या मृतांच्या स्मृतिभोजनांशी केली, म्हणजे जवळजवळ आपल्या पाणपोईच्या फरशीकडेच बोट दाखवले. योआखिम येरेमियास यांनी अर्थ उलटा फिरवला : ‘देवाने माझी आठवण करावी म्हणून हे करा’. इतरांना तो ओढूनताणून वाटला, पण धूप आणि कर्णे आठवले की तो अगदीच निराधार वाटत नाही. ग्रेगरी डिक्स या अँग्लिकन संन्याशाने 1945 मध्ये, घडून गेलेली गोष्ट देवासमोर पुन्हा आणणे, जेणेकरून तिचा परिणाम आत्ता होईल, असा अर्थ मांडला. पुढच्या पिढीवर त्याचा फार प्रभाव पडला.

धर्मसुधारणेच्या काळात हा वाद पुस्तकी नव्हता. 1525 मध्ये झुरिकमध्ये मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाचा कॅथलिक विधी, बंद करून उल्रिख त्स्विंगली या स्विस सुधारकाने साध्या मेजावरचे स्मरणभोजन सुरू केले. 1529 मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला तो आणि मार्टिन ल्यूथर हा जर्मन सुधारक समोरासमोर आले. भाकर ही केवळ खूण, असे त्स्विंगलीचे म्हणणे; तिच्यात ख्रिस्ताचे शरीर खरोखर असते, असे ल्यूथरचे. ‘हे माझे शरीर आहे’ हे शब्द ल्यूथरने मेजावर खडूने लिहिले आणि शेवटपर्यंत तो या मतावरून हलला नाही. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेने 1562 मध्ये मिस्सा ही नुसती आठवण आहे असे म्हणणाऱ्यांना बहिष्कृत ठरवले. पुढे जागतिक चर्च परिषदेच्या 1982 च्या लिमा दस्तऐवजात वेगवेगळ्या पंथांनी एकमेकांजवळ येताना याच ग्रीक शब्दाचा आधार घेतला. ‘स्मरण’ आणि ‘यज्ञ’ या शब्दांना चारशे वर्षांच्या जखमा होत्या; अनाम्नेसिसला तशा नव्हत्या, म्हणून तो सोयीचा ठरला असावा.

प्रार्थनेतला अनाम्नेसिस लहान असतो. रोमन परंपरेत त्याची सुरुवात ‘म्हणून, हे प्रभो, स्मरण करीत आम्ही’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांनी होते आणि लगेच अर्पणाकडे वळते. संत जॉन क्रिसोस्तोमच्या नावाने चालणाऱ्या पूर्वेकडील उपासनेत क्रूस, कबर, तिसऱ्या दिवशीचे पुनरुत्थान, स्वर्गारोहण यांच्या यादीत ख्रिस्ताच्या दुसऱ्या आगमनाचेही स्मरण होते, म्हणजे अजून न घडलेल्या गोष्टीचे! 1970 च्या रोमन मिस्सा ग्रंथाने याच ठिकाणी लोकांच्या तोंडी एक घोषवाक्य दिले. आज वसईच्या चर्चमधले भाविकही मराठी मिस्सात ते म्हणतात. अद्दाई आणि मारी यांच्या नावाची प्राचीन सिरियाक प्रार्थना मात्र सर्वांत विलक्षण. असिरियन चर्च या पूर्वेकडील प्राचीन पंथातल्या तिच्या मूळ रूपात ‘हे करा’ ही आज्ञा किंवा शेवटच्या भोजनाची कथा नाही. दुःखसहन, मरण आणि पुनरुत्थान यांचे स्मरण मात्र आहे. 2001 मध्ये रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चने, तिला वैध मानले. या चर्चची भारतातली शाखा त्रिशूरला आहे. केरळच्या सिरो-मलबार या कॅथलिक चर्चमध्ये हीच प्रार्थना शेवटच्या भोजनाचे शब्द घालून म्हटली जाते.